तोबिसाकीच्या दीपगृहावर दोन व्याही

उसामी कानेओ हे मुळात बढाया मारणारे गृहस्थ नव्हते. तोबिसाकीच्या मच्छीमार संस्थेत सगळी नोकरी त्यांनी बर्फ विभागात काढली होती, आणि बर्फ विभागात बढाई मारण्यासारखं फारसं काही घडत नाही. बर्फ तयार होतो, वितळतो, पुन्हा तयार होतो. त्यामुळे निवृत्तीनंतर त्यांच्या तोंडून जे एक वाक्य निसटलं, त्याचा दोष त्यांच्या स्वभावाला देता येणार नाही. टेलिफोनलाच द्यावा लागेल.

फोन नागोयाहून होता. उसामींची मुलगी चिहारू गावातल्या मत्स्यबीज केंद्रात माशांची पिल्लं वाढवायची. मध्यंतरी नगरपालिकेच्या इमारतीतली लिफ्ट बिघडली आणि ती दुरुस्त करायला नागोयाहून तोमोहिसा नावाचा एक तरुण आला. लिफ्ट दुरुस्त झाली, तरी तो दर पंधरवड्याला ती तपासायला येत राहिला. दोन मजली इमारतीतल्या लिफ्टची इतकी काळजी पाहून नगराध्यक्षांना अगदी भरून आलं होतं. खरं कारण कळल्यावर ते जरा हिरमुसले, असं ऐकतो. असो. तर हा फोन तोमोहिसाच्या वडिलांचा, तेराशिमा गेन्जिरो यांचा होता. लिफ्टच्या देखभालीची त्यांची स्वतःची कंपनी होती, आणि गृहस्थ इतके कमी बोलायचे की पलीकडे फोन ठेवला की काय, अशी शंका यावी.

"पुढच्या महिन्यात शेवटच्या रविवारी लग्नाचं बोलायला येतो," एवढं ते म्हणाले आणि गप्प झाले.

उसामींना शांतता सोसवत नाही. हवा कशी आहे ते त्यांनी सांगितलं. यंदा जाळ्यात माकुळ कमी येतंय, तेही सांगितलं. पलीकडे नुसता श्वास. शेवटी गावात सांगण्यासारखं उरलेलं एकच त्यांना आठवलं.

"आमच्याकडे दीपगृह आहे."

श्वास थांबला. "वर जाता येतं?" तेराशिमांनी विचारलं.

"हो तर," उसामी म्हणाले. "आमचं घरचंच आहे म्हणा ना."

तोबिसाकीचं दीपगृह कोणाच्याही घरचं नव्हतं. देशाची बंदरं परदेशी जहाजांना नुकतीच खुली झाली होती, त्या मेइजी काळात एका परदेशी इंजिनियरने ते बांधलं. दगड बोटीतून आला, भिंग फ्रान्सहून आलं, आणि गावकऱ्यांनी ते वर चढवलं. पुढे यंत्रं आली, दिवा आपला आपण लागू लागला, राखणदार गेले, त्यांची घरं पाडून तिथे मोटारी लावायची जागा झाली. मग कोणीतरी ते राष्ट्रीय ठेवा असल्याचं ठरवलं आणि त्यावर पाटी लावून कुलूप घातलं. उसामी जन्मापासून त्याच्या पायथ्याशी राहत होते. त्याचा झोत रोज रात्री त्यांच्या झोपायच्या खोलीच्या झडपांवरून फिरायचा. पण त्यांनी ते आतून कधी पाहिलं नव्हतं. गावात कोणीच पाहिलं नव्हतं. "घरचं" म्हणायला आधार एवढाच, की त्यांचे पणजोबा तिथे नोकरीला होते असं घरात म्हटलं जायचं. कसली नोकरी, ते कोणी विचारलं नव्हतं. अशा गोष्टी न विचारल्यानेच टिकतात.

"अहो, कुलूप आहे त्याला," त्यांची बायको मित्सुए म्हणाली.

"कुलूप उघडतं," उसामी म्हणाले. पुढच्या सगळ्या प्रकरणात त्यांच्या तोंडून निघालेलं हे शेवटचं ठाम वाक्य.

त्यांनी ही गोष्ट फक्त समोरच्या केशकर्तनालयात सांगितली, तीही मान धरलेली असताना आणि कानापाशी वस्तरा असताना. न्हावी कुनिमात्सु याने विचारलं, मग सांगावंच लागलं. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. तोफूवाल्या शिगेआजींचं म्हणणं पडलं की किल्ली ज्या सरकारी कार्यालयात आहे तिथे रिकाम्या हाताने जाऊ नये, भाताच्या कुरकुरीत चकत्यांचा डबा न्यावा. मासळी बाजारातल्या एकाचं म्हणणं, डबा मुळीच नेऊ नये, लाच समजतील. मधला मार्ग म्हणून उसामींनी डबा नेला आणि तो पूर्ण वेळ मांडीवर धरून ठेवला.

बंदराच्या सागरी सुरक्षा कार्यालयात इसोगाई नावाच्या बाई होत्या. त्या इतक्या नम्र होत्या की त्यांनी नकार दिलाय, हे उसामींना बाहेर पडून सायकलीवर बसल्यावर कळलं. ते परत आत गेले. बाईंनी तितक्याच नम्रपणे पुन्हा समजावलं, की एका व्यक्तीला दीपगृह उघडून देता येत नाही. मात्र एखाद्या जतन मंडळाने साफसफाईसाठी विनंती केली, तर विचार होऊ शकतो.

"तोबिसाकीत असं मंडळ आहे का?" उसामींनी विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "ही फार खेदाची गोष्ट आहे."

डबा तिथेच विसरून उसामी घरी आले आणि मंडळ काढायला बसले.

मंडळ काढणं सोपं असतं. त्यात राहणं कठीण. उसामींची कल्पना अशी, की आपण अध्यक्ष, मित्सुए चिटणीस, आणि शेजारची दोनचार नावं शोभेला. पण तोबिसाकीत निवृत्त माणसं खूप आणि मंडळं कमी. पहिल्याच सभेला सामाजिक सभागृहात खुर्च्या पुरल्या नाहीत. उसामींनी प्रास्ताविक केलं, चहा वाटला, आणि परत येऊन बसेपर्यंत कुनिमात्सु न्हावी एकमताने अध्यक्ष झाला होता. त्याचा आवाज मोठा आहे आणि त्याच्याकडे कोट आहे, असं कारण सांगण्यात आलं. उसामींच्या वाट्याला गवत आलं. "गवत विभागप्रमुख," कुनिमात्सुने घोषणा केली. "बर्फाचा अनुभव आहेच."

उसामींनी त्या रात्री जेवताना सूप तसंच गार होऊ दिलं. मित्सुएने लोणचं पुढे सरकवलं, तेव्हा ते म्हणाले, की मंडळ कोणाच्या कल्पनेतून निघालं हे इतिहास लक्षात ठेवेल. मित्सुए म्हणाली, "ठेवेल, ठेवेल. भात घ्या."

मग मंडळ आपल्या वजनाने घरंगळायला लागलं. नगरपालिकेच्या संस्कृती विभागाने कळवलं, की ऐतिहासिक दगडाला घरगुती ब्रश लावता येणार नाही. मग कोणता ब्रश लावता येईल, यावर दोन सभा झाल्या. हेल्मेट सक्तीचं झालं, ती शेजारच्या गावातल्या बांधकामवाल्याकडून उसनी आणली. एक कापडी फलक रंगवला, त्यात "जतन"चं अक्षर चुकलं, आणि तो फलक आता जतन करायचा की नाही यावर तिसरी सभा झाली. इसोगाईबाईंकडून परवानगी आली. सगळ्या सभासदांना सोयीचा असा दिवसही त्यात होता. तो महिन्याचा शेवटचा रविवार होता.

उसामींनी तारीख बदलायचा प्रयत्न केला. पण त्याला सभा लागणार होती, आणि सभेला वेळ नव्हता.

त्या रविवारी तेराशिमा कुटुंब नागोयाहून आलं ते थेट समारंभाच्या पोशाखात. सौ. तेराशिमा यांनी फिकट जांभळा किमोनो घातला होता. तेराशिमा स्वतः काळ्या सुटात होते. माणूस दाराएवढा. तोमोहिसा त्यांच्या सावलीत उभा राहिला तर दिसेना. चिहारूने आदल्या दिवशीच वडिलांना बजावलं होतं, "बाबा, तुम्ही फक्त हसायचं. बाकी मी बघते." उसामी हसत होते. हसत हसत त्यांनी पाहुण्यांना भूशिरावर नेलं. तिथे पूर्ण मंडळ हेल्मेट घालून रांगेत उभं होतं, आणि अध्यक्ष कुनिमात्सुने तेराशिमा नवराबायकोच्या हातात स्वागत म्हणून एकेक विळा दिला.

सौ. तेराशिमांनी विळ्याकडे पाहिलं, मग मित्सुएकडे. मित्सुएने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून इतकं वाकून माफी मागितली की तिचं हेल्मेट गवतात पडलं. सौ. तेराशिमांनी ते उचलून दिलं, किमोनोच्या बाह्या दोरीने मागे बांधल्या आणि गवत कापायला बसल्या. आपण खेड्यातल्याच, असं त्या म्हणाल्या, आणि हे तेराशिमांनाही बहुधा नव्यानेच कळलं.

तेराशिमांना एकही हेल्मेट बसेना. शेवटी सगळ्यांत मोठं डोक्यावर नुसतं ठेवलं आणि हनुवटीखाली दोरी बांधली. ते डोक्यावर वाटीसारखं बसलं होतं.

मग अध्यक्षांचं भाषण झालं. दीपगृहाचा इतिहास कुनिमात्सुने गोळा केला होता, म्हणजे शिगेआजींचे केस कापताना त्या जे बोलल्या ते लक्षात ठेवलं होतं. परदेशी इंजिनियर झाला, दगड झाला, भिंग झालं. मग तो म्हणाला, आपल्या गवत विभागप्रमुखांच्या घराण्याचाही या वास्तूशी जवळचा संबंध आहे. उसामींनी मान ताठ केली.

"त्यांचे पणजोबा इथे स्वयंपाकी होते," कुनिमात्सु म्हणाला. "तेव्हा दिवा तेलावर जळायचा. काही दिवस उजेड कमी पडू लागला, म्हणून साहेबाने चौकशी केली. तर पणजोबा दिव्याच्या तेलात कोळंबी तळत होते. त्यांना काढून टाकण्यात आलं. शिगेआजींच्या आजीने ती कोळंबी खाल्ली होती आणि ती उत्तम होती, हेही सांगायला हवं."

मंडळाने टाळ्या वाजवल्या. उसामींना पायाखालचं गवत, जे त्यांच्याच अखत्यारीत होतं, दुभंगावं असं वाटलं. तोमोहिसा समुद्राकडे पाहत होता आणि त्याचे खांदे हलत होते. तेराशिमांचा चेहरा मात्र दगडाचाच राहिला.

वर जायला जागा अरुंद, म्हणून इसोगाईबाई थोड्या थोड्या लोकांना सोडत होत्या. मंडळी जाऊन आली, खिडक्या पुसून आली. शेवटची पाळी दोन्ही वडिलांची ठेवली. ही चिहारूची युक्ती. दोघं निवांत बोलतील, असं तिचं म्हणणं.

गोल दगडी जिना दोघांनी न बोलता पार केला. त्यानंतर एक लोखंडी शिडी होती, जवळजवळ उभी. ती वरच्या जमिनीतल्या झाकणासारख्या चौकोनी भोकातून दिव्याच्या खोलीत निघायची. चढताना माणसाला समोरची पायरी तेवढी दिसते. दोघं चढले. वर काचेची खोली, मधोमध माणसाएवढं भिंग, आणि भोवती सगळीकडे समुद्र. उसामींनी एकदा बाहेर पाहिलं, एकदा त्या चौकोनातून खाली पाहिलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला उतरता येणार नाही.

त्यांनी वळून पाहिलं. तेराशिमा भिंगाच्या ओट्याला पाठ लावून जमिनीवर बसले होते. हात सुटाच्या गुडघ्यांवर. डोळे मिटलेले.

"चला," उसामी म्हणाले. "तुम्ही पुढे व्हा."

"नको. तुम्ही व्हा."

"छे, पाहुणे आधी."

"यजमानांच्या पुढे कसं जायचं?"

असा थोडा वेळ गेला. शिष्टाचाराचा प्रश्न असल्याने दोघांपैकी कोणालाच घाई करता येईना. उसामीही बसले, पाठ ओट्याला लावून, दुसऱ्या बाजूने, आणि त्यांनीही डोळे मिटले. मधे फ्रान्सहून आलेलं भिंग.

खालून कर्ण्यातून इसोगाईबाईंचा आवाज आला. कोणाला बरं वाटत नाही का, असं त्यांनी विचारलं.

"तेराशिमासानना देखावा फार आवडलाय," उसामींनी ओरडून, पण आदराचं 'सान' न विसरता सांगितलं.

"उसामीसान इतिहास सांगतायत," तेराशिमांनी ओरडून सांगितलं.

खाली सगळ्यांना सगळं कळलं. मग सल्ले सुरू झाले. कोणी म्हणालं उलटं उतरा, कोणी म्हणालं डोळे मिटा, कोणी बूट काढा म्हणालं. मासळी बाजारातल्या माणसाने गाणं म्हणायला सांगितलं आणि कोणतं ते म्हणूनही दाखवलं. कुनिमात्सुने अध्यक्ष या नात्याने धीर धरण्याचा आदेश दिला आणि एक गिऱ्हाईक यायचंय म्हणून तो निघून गेला. हळूहळू आवाज कमी होत गेले. ऊन कललं.

"मी लिफ्टचा माणूस," तेराशिमा अचानक म्हणाले. "लिफ्टला भिंती असतात."

"मी बर्फाचा," उसामी म्हणाले. "आमचं सगळं जमिनीवर."

यानंतर बोलणं सोपं झालं. म्हणजे, तेराशिमा पुढे बोलले.

"खरं सांगायचं तर मी आज नकार द्यायला आलो होतो."

उसामींना वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"मुलगी चांगली आहे. पण मुलगा म्हणतो इथेच राहणार. या गावात लिफ्ट एक. एका लिफ्टवर संसार होत नाही."

उसामींचा चेहरा तापला. अशा वेळी माणसाने उठावं, थंड आवाजात निरोप घ्यावा आणि निघून जावं. ते उठले. थंड आवाजही त्यांनी तयार केला. मग त्यांची नजर त्या चौकोनाकडे गेली आणि ते पुन्हा बसले. अपमान गिळायला माणसाला भिंत किंवा दार लागतं. इथे दोन्ही नव्हतं, सगळी काच होती. शेवटी ते म्हणाले, "म्हणजे तिने नागोयाला यावं?"

"हो."

"ती केंद्रात पिल्लांना स्वतः खायला घालते. सुटीच्या दिवशीही जाते. ती नसली की खात नाहीत, असं म्हणते. मला ते खरं वाटत नाही. पण ती संध्याकाळी येऊन मला ते सांगते." उसामींनी हेल्मेटची दोरी सैल केली. "ती नागोयाला येणार असती, तर मीच नकार दिला असता. कारण कोणतंही सांगितलं असतं. लिफ्टचंसुद्धा."

भिंगापलीकडे तेराशिमांचं हेल्मेट ओट्याला टेकल्याचा आवाज आला.

"आमच्याकडे मुलगाच बोलतो," तेराशिमा म्हणाले. "जेवताना तो बोलतो, मी ऐकतो. तो गेला की घरात कोणी बोलणार नाही. बायकोने तर मी ऐकत नाही म्हणून बोलणं सोडलं. मी ऐकत असतो. पण ते दाखवायचं कसं, ते मला जमत नाही."

त्यांचा राग कुठे गेला, हेही त्यांना कळलं नाही. त्यांनी भिंगाच्या कडेने हात पुढे केला आणि तेराशिमांच्या बाहीवरचं गवताचं पातं झटकलं.

"एक विचारू?" तेराशिमा म्हणाले. "दिव्याचं तेल कसलं होतं?"

"मोहरीसारख्या बियांचं असावं."

"मग चव येणारच," तेराशिमा म्हणाले, आणि त्यांचं पोट हलू लागलं. आवाज असा काही नव्हता. पण ते दाराएवढं शरीर हलत होतं, त्याबरोबर हेल्मेट हलत होतं, आणि उसामींना कळलं की हे गृहस्थ भाषण झाल्यापासून हसू दाबून बसले होते. मग उसामीही हसले. पणजोबांवर इतकं मोकळं त्यांच्या घराण्यात कोणी हसलं नसेल.

तेवढ्यात पुन्हा कर्णा. "कृपया मुळीच घाई करू नका," इसोगाईबाई म्हणाल्या. "मात्र काळोख पडण्याआधी दिवा आपोआप लागतो, आणि त्या वेळी आत कोणी असू नये असा नियम आहे. बोटींना सावली दिसली तर मला वरिष्ठांना कळवावं लागेल. तेव्हा कृपया घाई करा."

ओट्यातून कसलीशी गुणगुण सुरू झाली. पाठ लावलेल्या दोघांना ती मणक्यात कळली. शिष्टाचार संपला. उसामी पोटावर पालथे झाले आणि पाय त्या चौकोनात सोडले. पहिली पायरी सापडली. दुसरी सापडली. मग वरून तेराशिमांचे पाय आले, आणि ते हवेत काहीतरी शोधत राहिले. उसामींनी एक बूट धरून पायरीवर ठेवला.

"आता उजवा," ते म्हणाले. "खाली. अजून खाली. तो माझा हात आहे."

"माफ करा."

"ठेवा तसाच. आता डावा."

असे ते उतरले. शिडी संपल्यावर गोल जिना दोघांनी बसून, एकेक पायरी सरकत पार केला. सुटाचं काय झालं हे सांगण्यात अर्थ नाही. उतरता उतरता बरंच ठरलं. महिन्यातून दोनदा तेराशिमांनी तोबिसाकीला यायचं, नगरपालिकेची लिफ्ट तपासायला. जेवायला उसामींकडे. मुलं इथेच राहतील. हे सगळं घरी गेल्यावर गंभीरपणे, दोन्ही कुटुंबांना समोर बसवून जाहीर करायचं. कोणी आधी बोलायचं यावर थोडा आग्रह झाला आणि उसामींनी तो मान तेराशिमांना दिला.

बाहेर आले तर मैदान मोकळं. गवत स्वच्छ कापलेलं, फलक गुंडाळलेला, आणि दारापाशी किल्ली घेऊन इसोगाईबाई एकट्याच. बाकी सगळे कधीच गेले होते. बाईंनी कुलूप घातलं, दोघांचे वाकून आभार मानले आणि उसामींच्या हातात भाताच्या चकत्यांचा डबा परत दिला. विसरले होते उसामी, पण त्याबद्दल माफी बाईंनीच मागितली. मागे दिवा लागला. दोघांपैकी कोणी वळून पाहिलं नाही.

घरात जेवण चालू होतं. सौ. तेराशिमा, किमोनोच्या बाह्या अजून बांधलेल्या, मित्सुएला काहीतरी सांगत होत्या, आणि मित्सुए हसून हसून डोळे पुसत होती. तेराशिमा दारातच बसले, घसा साफ केला आणि म्हणाले, की दोन्ही वडिलांनी पूर्ण विचारांती काही निर्णय घेतले आहेत.

"बाबा, लग्न शरद ऋतूत," चिहारू म्हणाली. "मत्स्यबीजाचा हंगाम संपला की. तोमोहिसा आजूबाजूच्या गावांतल्या लिफ्टा घेणारेय, दवाखाने आहेत, बंदरातले मालवाहू पाळणे आहेत. आईंनी आणि आईने गवत काढताना ठरवलं. तुम्ही बसा, गार होतंय."

उसामींनी तेराशिमांकडे पाहिलं. तेराशिमांनी बसायची उशी पुढे ओढली. दोघं बसले. मित्सुएने वाट्या भरल्या आणि मग, काहीतरी विचारायला हवं म्हणून, विचारलं, "इतका वेळ वर होता. काय काय दिसलं?"

उसामींनी जेवणाच्या काठ्या खाली ठेवल्या. आपण डोळे मिटून बसलो होतो हे त्यांना सांगायचं नव्हतं. समोरच्यानेही मिटले होते, हे त्याहून सांगायचं नव्हतं.

"समुद्र," तेराशिमा म्हणाले.

"बराच होता," उसामी म्हणाले, आणि जेवू लागले.